नववी मात्रा

मागच्या पावसाळ्यात आत्या मिरजेहून आमच्याकडे पुण्याला आली ती गुडघ्याच्या दुखण्यासाठी, आणि व्यायामाच्या उपचारांच्या निमित्ताने महिनाभर राहिली. तरुणपणी ती वीस वर्षं गाणं शिकली. मैफली केल्या नाहीत, पण अजूनही पहाटे तंबोरा घेऊन बसल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. दुपारची जेवणं उरकली की मी माझ्या खोलीत रेकॉर्ड लावायचो आणि ती दाराजवळच्या खुर्चीत पाय लांब करून ऐकत बसायची. भाचा काय ऐकतो याचं तिला मनापासून कुतूहल होतं.

एका दुपारी जॅझचा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस याचा ‘इन अ सायलेंट वे’ लावला होता. दहा-अकरा मिनिटं तिने मान किंचित कलती ठेवून ऐकलं. मग म्हणाली, “अरे, हा मघापासून आलापच करतोय का? बंदिश कधी सुरू करणार?”

मी समजावून सांगायला गेलो आणि थांबलो. या अल्बमबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतक्या नेमक्या जागी बोट ठेवलेलं कुठे वाचल्याचं आठवेना. त्या महिन्यात आम्ही दोघांनी असे बरेच अल्बम ऐकले, कुठल्याही एका खान्यात न बसणारे. काहींत जॅझ आणि राग, काहींत चर्चचा ऑर्गन आणि भजन, एकात तर डिस्को आणि भैरव. त्या ऐकण्यातून माझं जे मत तयार झालं ते इथे मांडतो आहे.

असल्या संगीताबद्दल आपल्याकडे दोन मतं ठरलेली असतात. एक मत म्हणतं, ही भेसळ आहे. दुसरं म्हणतं, संगीताला सीमा नसतात. फ्यूजनच्या कार्यक्रमाच्या निवेदनात हे दुसरं वाक्य हटकून येतं आणि त्याला टाळ्याही पडतात. पहिलं मत मला पटत नाही, पण त्यामागची काळजी कळते. जपून ठेवलेलं काही हातातून निसटेल, ही ती काळजी. दुसरं मत मला जास्त घातक वाटतं, कारण ते ऐकणाऱ्याला आळशी करतं. सीमा असतात. चांगल्या खणखणीत सीमा असतात, आणि त्या कुठे आहेत हे ज्याला कळत नाही त्याला त्या ओलांडताही येत नाहीत.

त्यातली सगळ्यात मोठी सीमा पायाखालची आहे. आपला गाणारा तंबोऱ्याच्या षड्जावर उभा असतो आणि तो षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. गंधार लागला की तो कशाच्या नात्याने गंधार, हे विचारावं लागत नाही. खाली सा आहेच. पाश्चात्त्य संगीतात, निदान गेली तीन-चारशे वर्षं, खालची जमीनच चालती असते. वरचा स्वर तोच धरून ठेवला आणि खालचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, बदलला, तर मघाशी घरी पोहोचल्यासारखा वाटणारा स्वर आता वाटेत अडकल्यासारखा वाटू लागतो. त्या संगीताची भावनांची सगळी मांडणी या सरकत्या जमिनीवर चालते. आपली मांडणी स्वराच्या आत चालते: तो कुठून उचलला, किती आंदोलला, शेजारच्या स्वराचा किती कण अंगाला लावून आला. या दोन गोष्टी एकाच वेळी पूर्ण ताकदीने करता येत नाहीत. जमीन सरकू लागली की श्रुतीचं बारीक काम ऐकू येईनासं होतं. जमीन थांबवली तर कॉर्ड लावणाऱ्याच्या हाताला काम उरत नाही.

म्हणून दोन संगीतं खरोखर भेटायची असतील तर कुणीतरी हातातलं काहीतरी खाली ठेवावं लागतं. असा अल्बम ऐकताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, की इथे कोणी काय सोडलं? किती देशांची वाद्यं आहेत, किती घराणी आहेत, हे मोजून काही हाती लागत नाही.

कुणी काहीच न सोडता केलेला प्रयोग कसा वाजतो, हे ऐकायचं असेल तर १९६६ सालचा ‘इंडो-जॅझ स्वीट’ ऐकावा. कोलकात्यात जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचा हा अल्बम. एका बाजूला जॅझचे वादक, दुसऱ्या बाजूला सतार, तबला, बासरी. तबल्यावर होते केशव साठे, मुंबईत जन्मलेले आणि पुढे लंडनचे झालेले. एकेक वादक उत्तम आहे. हॅरियट तर त्याआधीच जॅझमध्ये स्वतःची वेगळी वाट काढून बसलेला कलावंत. तरीही ऐकताना मला दादरच्या अलीकडे शेजारशेजारच्या रुळांवरून धावणाऱ्या दोन लोकल दिसतात. खिडकीतून एकमेकांचे चेहरे इतके जवळ, की हात लांब केला तर लागेल. पण या गाडीतला माणूस त्या गाडीत जाऊ शकत नाही. राग येतो, थांबतो, मग जॅझची पाळी येते. साठ्यांचा ठेका सुरेख आहे, आणि त्याच्या भोवतालचं कुणीही त्या ठेक्यामुळे बदलत नाही. पहिल्यांदा वाट काढणाऱ्यांचं मोल मी कमी करत नाही. पण तो अल्बम मी आदराने ऐकतो, ओढीने नाही.

‘इन अ सायलेंट वे’कडे येतो, कारण आत्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं आहे. १८ फेब्रुवारी १९६९ ला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आठ वादक जमले होते. इलेक्ट्रिक पियानो आणि ऑर्गनवर एकाच वेळी तिघे: हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया आणि व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेला जो झाविनुल. शीर्षकाची रचना झाविनुलची. त्याने ती भरपूर कॉर्ड घालून लिहिली होती. माइल्सने ते जवळजवळ सगळे काढून टाकले आणि एकाच स्वराच्या आधारावर रचना उभी केली. नुकताच इंग्लंडहून आलेला गिटारवादक जॉन मॅक्लाफ्लिन घाबरला होता; त्याला माइल्सने सांगितलं, गिटार येतच नाही अशा माणसासारखा वाजव. ड्रमवर तेवीस वर्षांचा टोनी विल्यम्स, त्या काळातला सर्वांत स्फोटक हात. पहिल्या बाजूला तो जवळजवळ सगळा वेळ फक्त हाय-हॅटच्या दोन झांजा बारीक वाजवत राहतो. एवढा जोर असलेला माणूस अठरा मिनिटं स्वतःला आवरून बसला आहे, हे ऐकू येतं. त्या बाजूचा सगळा ताण मला त्या आवरण्यातच जाणवतो.

कॉर्ड सोडले, सफाई सोडली, ताकद सोडली. जॅझमध्ये माणूस ज्या गोष्टींनी ओळखला जातो त्याच खाली ठेवल्या. त्यांनी आपल्या संगीतातून काही उचललं असं मी म्हणत नाही, तसा दावा करायला आधार नाही. पण जमीन थांबवल्यावर ते आपोआप अशा ठिकाणी पोहोचले, की मिरजेच्या बाईंना तो आलाप वाटला.

आणि बंदिश? पहिली बाजू संपत आली तेव्हा आत्या एकदम सावरून बसली. “हे मघाचंच आहे. तू पुन्हा लावलंस का?” मी लावलं नव्हतं. निर्माता टिओ मॅसेरो याने ध्वनिफीत कापून सुरुवातीचा तुकडा जसाच्या तसा शेवटाला जोडला होता. वादकांनी ते पुन्हा वाजवलेलंच नाही. दुसऱ्या बाजूलाही त्याने हेच केलं आहे: शीर्षकाची शांत चाल, मध्ये लय धरणारा मोठा भाग, आणि मग तीच चाल, तोच श्वास, तीच गिटारची तार. मी हे सांगितल्यावर आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मुखडा आला की.”

आपल्याकडे मुखडा येतो तेव्हा तो कधीही हुबेहूब तोच नसतो. गाणारा मधल्या आवर्तनांतून काहीतरी घेऊन आलेला असतो आणि समेवर येताना ते सांडतो. इथे उलट आहे. मुखडा अक्षरशः तोच आहे, फितीचा तोच तुकडा. बदललेले आपण आहोत. पहिल्या वेळी ती चाल कुठे निघाली आहे हे माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी ती कुठून आली आहे हे माहीत आहे. चाळीस मिनिटांपेक्षाही लहान असलेल्या त्या अल्बममध्ये हे दोनदा घडतं, आणि मला दरवेळी नव्याने लागतं. त्या काळच्या जॅझच्या जाणकारांपैकी अनेकांना कात्री चालवून केलेली रचना ही फसवणूक वाटली. त्यांच्या लेखी वाजवणं हीच रचना होती. मला वाटतं मॅसेरोने इथे संपादन केलं नाही, बंदिश बांधली.

सोडण्याची ही कसोटी मॅक्लाफ्लिनला पुढे सहा वर्षांनी फार कठोरपणे लागली. मधल्या काळात त्याचा इलेक्ट्रिक गिटारचा वाद्यवृंद जगभर गाजला होता, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी. तो सोडून तो साध्या लाकडी गिटारवर आला, मांडी घालून बसला, आणि वाद्यच बदलून घेतलं. गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढलेलं, म्हणजे तार दाबून, ओढून मींड आणि गमक काढता यावी. मुख्य तारांच्या खालून तिरक्या जाणाऱ्या सात तरफा. त्या गिटारवर तो कॉर्डचा संसार जवळजवळ बंद करून एकेरी स्वराने बोलू लागला. ५ जुलै १९७५ ला लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण १९७६ मध्ये ‘शक्ती’ या नावाने आलं. व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कु विनायकराम, मृदंगावर आर. राघवन, आणि तबल्यावर माहीमचा चोवीस वर्षांचा झाकिर हुसेन.

या अल्बमबद्दल बोलताना आपण नेहमी गोरा गिटारवाला आणि आपले लोक, एवढंच पाहतो. मला त्यातली दुसरी भेट जास्त मोठी वाटते: तबला आणि घटम. हिंदुस्थानी आणि कर्नाटक लय-विचार एका देशात शेकडो वर्षं नांदले, पण एका रंगमंचावर, एका रचनेत, बरोबरीने क्वचितच बसले. तबला आवर्तनाची गोलाई सांभाळतो. कर्नाटक लयकारी गणिताचे तुकडे रचत जाते आणि शेवटचा तुकडा नेमका येऊन बसतो. झाकिरभाईंनी ही दुसरी भाषा शिकून घेतली, आणि पुढे त्यांच्या एकट्याच्या तबल्यातही ती कायमची राहिली. मात्र माझी तक्रारही आहे. अल्बमचा पहिला, अठरा मिनिटांचा तुकडा वेगाने आणि सवाल-जवाबाने जिंकतो, आणि पुढची कित्येक वर्षं फ्यूजन म्हणजे सवाल-जवाब, शेवटी सगळ्यांनी एकदम थांबणं आणि टाळ्या, असं समीकरण रूढ झालं. त्याच अल्बममधला ‘लोटस फीट’ हा पाच मिनिटांचाही नसलेला तुकडा ऐका. तिथे कुणीही कुणाला हरवत नाही. १५ डिसेंबर २०२४ ला झाकिरभाई गेले त्या रात्री मी तोच लावून बसलो होतो.

आता माझ्या या कसोटीवर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. सोडणं सगळ्यांना सारखंच परवडतं का? पश्चिमेचा वादक कॉर्ड सोडतो, पण उद्या त्याला ते परत उचलता येतात. कीर्ती, कंपनी, श्रोता, सगळं त्याच्या बाजूला आहे. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात कितीतरी पॉप गाण्यांत सतार आली ती केवळ धुपाच्या वासासारखी, वातावरणापुरती. सतारीने तिथे आपलं सर्वस्व सोडलं आणि त्या गाण्यांनी काहीच सोडलं नाही. म्हणजे सोडणं हीही सत्तेची गोष्ट असते.

जॅझची हार्पवादक अॅलिस कोल्ट्रेन हिच्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’वर हाच आक्षेप घेता येतो. १९७१ साली आलेल्या या अल्बममध्ये सुरुवातीपासून तंबोरा आहे. तो वाजवणाऱ्या व्यक्तीचं नाव वेष्टनावर नुसतं ‘तुलसी’ एवढंच. एका तुकड्याचं नाव ‘स्टॉपओव्हर बॉम्बे’. तो ध्वनिमुद्रित झाला तेव्हा अॅलिस भारताच्या प्रवासाला निघायच्या बेतात होती. आत्याने हा अल्बम ऐकला तेव्हा तिचं लक्ष पहिल्यांदा तंबोऱ्यावरच गेलं. मिरजेत वाढलेला कान तो. तंबोरे घडवणाऱ्यांची ती गल्ली तिच्या माहेरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जवारी कशी लागली आहे ते ती आधी ऐकते. “तंबोरा इतका पुढे का घेतलाय?” तिने विचारलं. आपल्याकडे तो गाणाऱ्याच्या पाठीशी असतो. तो ऐकू यायचा नसतो, त्याच्यामुळे बाकीचं ऐकू यायचं असतं. इथे तो सगळ्यांच्या पुढे उभा आहे. त्यावर सेसिल मॅक्बीच्या जाड, लाकडी बासची चार-दोन स्वरांची फिरत राहणारी ओळ, मग हार्पच्या तारांवरून पाण्यासारखी ओघळणारी बोटं, आणि फॅरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन.

हे केवळ वातावरण आहे का? मीही काही वर्षं तसंच समजत होतो. माझं मत बदललं ते तिच्या पुढच्या आयुष्यामुळे. १९६७ च्या जुलैत नवरा, जॉन कोल्ट्रेन, चाळिशीत गेला. पदरात चार मुलं. त्या दुःखातून ती अध्यात्माकडे वळली आणि तिथून परत फिरली नाही. पुढे कॅलिफोर्नियात तिने आश्रम काढला, तुरीयसंगीतानंद हे नाव घेतलं, आणि मोठ्या कंपन्यांसाठी रेकॉर्ड करणं थांबवलं. १९८२ साली तिने ‘तुरीया सिंग्ज’ नावाची कॅसेट काढली ती आश्रमाच्या माणसांसाठी. त्यात ती पहिल्यांदाच स्वतः गायली आहे. संस्कृत नामं, भजनाची चाल, आणि खाली ऑर्गनवर ती ज्या डेट्रॉइटच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये लहानाची मोठी झाली तिथले संथ, भरदार कॉर्ड.

इथे जमीन पुन्हा सरकते आहे. तंबोऱ्याचा षड्ज गेला आणि चर्च परत आलं. शुद्धतेच्या हिशेबाने हे आणखी बिघडलं असं कुणी म्हणेल. मला ते तिच्या सगळ्या कामात सर्वांत खरं वाटतं, कारण आता ती उसनं काही वापरत नव्हती. सकाळी उठून ज्या देवासमोर बसायचं त्याच्यासाठी तिला आपल्या बालपणीच्या हातानेच पेटी धरावी लागली. सोडलं काय? श्रोते, समीक्षक, जॅझमधलं स्थान. हे परत उचलण्यासाठी खाली ठेवलेलं नव्हतं. सोडण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याचा निवाडा एका अल्बमवर होत नाही, पुढची वीस-तीस वर्षं पाहावी लागतात.

त्या १९७१ च्या अल्बममधला फॅरो सँडर्स पन्नास वर्षांनी, ऐंशीव्या वर्षी, फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने काम करणाऱ्या तरुण इंग्रज संगीतकाराच्या आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सोबत ‘प्रॉमिसेस’मध्ये वाजवतो. थोड्या स्वरांची एक लहानशी आकृती परत परत येत राहते आणि सँडर्स तिच्या मधल्या मोकळ्या जागांत बोलतो. एका ठिकाणी तो सॅक्सोफोन तोंडापासून दूर करून नुसता गुणगुणतो. तरुणपणी किंकाळीसारख्या सुरांसाठी ओळखला जाणारा माणूस. आत्या म्हणाली, “म्हाताऱ्या गवयाचं असंच होतं. मोठं काही राहत नाही, मग आतलं ऐकू येतं.” याहून जास्त मला त्या अल्बमबद्दल सांगायचं नाही.

हे सगळं परक्यांचं आहे असं वाटत असेल तर आपल्या घरातलं उदाहरण घ्या. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं तेव्हा त्यातल्या पदांत कीर्तनातली साकी-दिंडी होती, लावणीचं वळण होतं, कानडी रंगभूमीवरच्या चाली होत्या. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा बाज आणला. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींतून चाली दिल्या. साथीला पायपेटी, म्हणजे युरोपातून आलेला ऑर्गन. हा जर प्रयोगशील, मिश्र अल्बम नसेल तर कुठला? आणि इथेही काहीतरी सोडलेलं आहे. ख्यालाची तासाभराची बढत सोडली, ती पाच-सात मिनिटांत आणली. बाराच ठरीव स्वर देणाऱ्या पेटीमुळे श्रुतीचं बारीक काम सोडलं. ते खटकणं पुढेही राहिलं. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ हार्मोनियमला दारातही उभं केलं नव्हतं. आत्या नाट्यपदं गाते तेव्हा तिला हे मिश्रण वाटत नाही. तिच्यासाठी ते आपलं गाणं आहे. तिच्या आजोबांच्या पिढीतल्या एखाद्या जुन्या बुवाला काय वाटलं असेल, हे मी तिला विचारलं तेव्हा ती बराच वेळ विचार करत राहिली.

आणि आता ज्या अल्बमसाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला तो. चरणजित सिंग हे मुंबईतल्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि नव्या-नव्या विजेच्या वाद्यांवर काम करणारे वादक. ज्या स्टुडिओंत गोव्याहून आलेले वादक नोटेशन वाचून वाजवत आणि त्यांच्या शेजारी बसलेले सारंगिये, सतारिये कानाने, अशा जागी ते घडले. त्या स्टुडिओंतल्या मिश्रणावर वेगळा लेख होईल. त्याच स्टुडिओंतले, गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्येच राग आणि सिम्फनी एकत्र बांधायचा प्रयत्न केला होता. चरणजितजींनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं यंत्र. त्यावर दहा राग वाजवले. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती कुणी फारशी ऐकली नाही.

पुढची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. ते बासचं यंत्र एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्यांना साथ मिळावी म्हणून काढलं होतं. ते विकलं गेलं नाही आणि १९८४ पर्यंत बंद झालं. शिकागोच्या तरुणांनी ती जुनी यंत्रं स्वस्तात घेतली, १९८७ मध्ये तिथून ‘अॅसिड हाउस’ नावाचं नाचाचं संगीत निघालं आणि जगभर पसरलं. मग एका डच संग्राहकाला भारतात ही रेकॉर्ड सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि लोक थक्क झाले की मुंबईच्या माणसाने हे पाच वर्षं आधीच केलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींनी युरोपात कार्यक्रम केले. २०१५ मध्ये ते गेले.

त्यांना उशिरा का होईना दाद मिळाली याचा मला आनंद आहे. पण ज्या कारणासाठी मिळाली ते मला बोचतं. ‘अॅसिड हाउसच्या आधी’ हे कौतुक दुसऱ्याच्या कॅलेंडरवर मोजलेलं आहे. शिकागोत पुढे काही घडलं नसतं तर हा अल्बम कमी प्रतीचा ठरला असता का? आम्ही तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ऐकला नाही, आणि ऐकला तोही बाहेरून नाव मिळाल्यावर. त्यात रागांचं काय झालं आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

काय झालं आहे? भैरवाचा कोमल रिषभ आंदोलित असतो. तो षड्जाकडे झुकतो, परत येतो, त्याच्यात पहाटेची सगळी जडता असते. इथे तो यंत्राच्या ठरीव जागी येतो आणि जातो. आंदोलन सोडलं. तरीही पाच मिनिटांच्या त्या तुकड्यात भैरव ओळखू येतो, तो चलनामुळे: स्वर कुठल्या वाटेने येतात आणि कुठे थांबतात त्यामुळे. म्हणजे चरणजितजींनी नकळत एक प्रश्न सोडवायला घेतला, की रागातून काय काय काढलं तरी राग राहतो? नाट्यसंगीताच्या पेटीने हाच प्रश्न आधी विचारला होता. त्या बासच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि ती जागोजागी मींडेसारखी ऐकू येते. यंत्र बनवणाऱ्यांना मींड ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्याहून मोठी सोडलेली गोष्ट तालात आहे. त्या यंत्रांत एक आकृती सोळा घरांची असते. सोळा! तीनतालाच्या मात्रा तेवढ्याच. पण तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली. तिथे हात उलटा होतो, डग्ग्याचा घुमारा मागे घेतला जातो, आणि त्या हलकेपणामुळेच पुढची सम जड वाटते. डिस्कोच्या ठेक्यात जमिनीवर पाय आपटल्यासारखा ठोका प्रत्येक मात्रेला पडतो. सगळं भरी. यंत्राला खाली माहीतच नाही. मी हा अल्बम कितीतरी वेळा ऐकला होता. त्यातलं नेमकं काय मला थकवतं आणि तरी बांधून ठेवतं, हे मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. ते हे होतं.

आत्याला परत सोडायच्या आदल्या दिवशी मी ती रेकॉर्ड लावली. पहिला भैरव सुरू झाल्यावर ती म्हणाली, “दुपारी चार वाजता भैरव कशाला लावतोस?” म्हणून मी सुई उचलून मधुवंतीवर ठेवली. बाहेर पाऊस थांबला होता. मला वाटलं होतं, एवढ्या ठणठणाटात ती दोन मिनिटांत उठून जाईल. ती उठली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मधुवंतीच आहे रे.” तीव्र मध्यम आला तेव्हा तिने मान हलवली.

मग तिचा हात दुखऱ्या गुडघ्यावर आला आणि ती ठोके मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला टाळी. यंत्र आपलं एकसारखं आपटत होतं. सहा, सात, आठ. नवव्या ठोक्याला यंत्राने तेवढ्याच जोराने आपटलं, आणि आत्याचा हात सवयीने उलटा होऊन हवेत राहिला.